चौसष्ट की पासष्ट?

मागच्या दिवाळीत मामा आला होता. (लॅबमधले मामा नव्हेत, सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. न्यू जर्सीला असतो.) जेवणं झाल्यावर त्याने बॅगेतून प्लॅस्टिकची एक चपटी डबी काढली आणि आजीच्या हातात दिली. आत चांदीचा भला थोरला डॉलर. १८९२ सालचा, न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत पाडलेला. आजीने डबी उलटीसुलटी केली, कानाशी नेऊन हलवून पाहिली आणि विचारलं, “अरे, पण ही उघडायची कुठून?”

“उघडायची नाही गं आई,” मामा म्हणाला. “दोनदा उघडली, तेच चुकलं.”

त्याचं असं झालं. मामाला नाण्यांचा नाद फार जुना. दोन वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली, तेव्हा घराच्या हप्त्यांसाठी संग्रहातलं सर्वांत चांगलं नाणं विकायचं त्याने ठरवलं. तिकडे असं नाणं नुसतं हातात घेऊन विकायला गेलं तर दुकानदार पाडून मागतो. म्हणून आधी ते ग्रेडिंग कंपनीकडे पाठवायचं. फी भरायची. कंपनीतले तज्ज्ञ नाणं अस्सल आहे का ते बघतात, त्याला १ ते ७० मधला एक आकडा देतात आणि ते प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. या डबीला म्हणतात ‘स्लॅब’. (आपल्याकडे स्लॅब म्हटलं की सिव्हिलवाल्यांचे कान टवकारतात, पण तो स्लॅब वेगळा.) मामाच्या नाण्याला आकडा आला ६४. त्याच्या क्लबातले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, हे ६५ च्या खाली असूच शकत नाही, फोड आणि परत पाठव. आता तुम्ही म्हणाल, ६४ काय आणि ६५ काय, एका मार्काने काय बिघडतं? या विशिष्ट नाण्याच्या बाबतीत त्या एका मार्काने किंमत कित्येक पट होते. मामाच्या हिशेबाने घराचे तीन हप्ते.

मामाने गॅरेजमध्ये पक्कड घेऊन डबी फोडली. नाणं त्याच कंपनीकडे परत गेलं आणि येताना ६३ घेऊन आलं!

पुन्हा फोडलं, पुन्हा पाठवलं. या खेपेला ६४. तीनदा फी, तीनदा विमा आणि टपालखर्च. नाणं तेच, कंपनी तीच, मधे जेमतेम सहा महिने. नाण्याच्या सपाट बाजूला कोणी बोटही लावलेलं नव्हतं.

हे ऐकल्यावर माझ्यातला मेकॅनिकलवाला जागा झाला. मेट्रॉलॉजीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला आपल्याला काय करायला लावतात? एकच पिन, एकच मायक्रोमीटर, एकच माणूस, दहा रीडिंग्ज. मग तीच पिन, दुसरा माणूस, पुन्हा दहा. पहिल्यात दिसते ती रिपीटेबिलिटी, दुसऱ्यात रिप्रोड्युसिबिलिटी. आमचे सर म्हणायचे, ज्याची एरर माहीत नाही ते रीडिंग नाही, ती अफवा आहे. जर्नलमध्ये ‘±’ लिहायचं राहिलं म्हणून त्यांनी माझी अख्खी पानं परत लिहायला लावली होती. आणि इथे एका शब्दावर हजारो डॉलर इकडचे तिकडे होतात, अशा लेबलावर नुसतं ६४ छापलेलं. प्लस-मायनसचा पत्ता नाही.

मुळात हा ७० आकडा आला कुठून? मला वाटलं होतं, असेल काहीतरी शास्त्रीय. तर नाही. विल्यम शेल्डन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. माणसांचे शरीरयष्टीवरून तीन प्रकार पाडणारे शेल्डन ते हेच. त्यांना जुन्या तांब्याच्या सेंटचं वेड. १९४९ साली त्यांनी या सेंटवर पुस्तक लिहिलं आणि त्यात ही मोजपट्टी मांडली. कल्पना सरळ बाजारातली होती. अगदी भंगार अवस्थेतल्या, जेमतेम ओळखू येणाऱ्या सेंटची किंमत १ धरली, तर त्याच प्रकारच्या सर्वोत्तम सेंटला ७० पट मिळावेत. मधल्या पायऱ्यांना मधले आकडे. म्हणजे हा आकडा नाण्याचा गुण नव्हताच, तो एका काळच्या एका प्रकारच्या तांब्याच्या नाण्यांचा भाव होता! पुढे भाव बदलले, ते गणित मोडून पडलं, पण आकडे राहिले. १९७० च्या दशकात अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने हीच पट्टी सगळ्या अमेरिकन नाण्यांना लावली. सोनं, चांदी, निकेल, सगळ्यांना एकच.

म्हणूनच तिच्या पायऱ्या अशा विचित्र आहेत. ४, ८, १२, २०, मग ४०, ४५, ५०, ५३, ५५, ५८, आणि ६० च्या पुढे मात्र प्रत्येक आकडा. शेल्डनच्या मूळ पट्टीत कोऱ्या नाण्यांसाठी ६०, ६५ आणि ७० एवढ्या तीनच पायऱ्या होत्या. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या सुरू झाल्या, स्लॅबचा धंदा वाढला आणि ६० ते ७० मधले अकराच्या अकरा आकडे सर्रास वापरात आले. २०१० पासून त्यातही काही आकड्यांपुढे अधिक चिन्ह लागायला लागलं, ६४+ वगैरे. डोळे तेच, दिवा तोच, पण पट्टीवर रेघा वाढत गेल्या. व्हर्नियरवर नुसत्या जास्त रेघा ओढल्या म्हणून लीस्ट काउंट कमी होत नाही, एवढं आपल्याला दुसऱ्या वर्षी कळतं.

याच शेल्डनसाहेबांची आणखी एक गोष्ट. ते १९७७ साली वारले. नंतर उघडकीला आलं, की अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट त्यांनी उचलले होते आणि त्यांच्या जागी त्याच प्रकारचे, पण हलक्या दर्जाचे ठेवून दिले होते. एकदोन नव्हे, शंभरावर! दर्जातला फरक त्यांच्याइतका कोणाला कळत होता? आणि तो इतर कोणाच्या लक्षात येणार नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक असणार.

पण नुसती टवाळी करून भागणार नाही. ग्रेडर नक्की काय बघतात हे समजून घेतलं तेव्हा माझी थोडी बोलती बंद झाली. ते काम खरोखर अवघड आहे.

नाणं पाडताना कोऱ्या चकतीवर दोन डाय प्रचंड दाबाने आदळतात. त्या क्षणी धातू मधून कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म, किरणांसारख्या रेषा राहतात. नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की या रेषांमुळे उजेडाचा एक पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. तिकडे याला ‘कार्टव्हील’ म्हणतात, बैलगाडीचं चाक. हीच नाण्याची झळाळी. ती वरून चढवलेली नसते, धातूच्या वाहण्यातून आलेली असते. म्हणून एकदा गेली की परत येत नाही. नाणं खिशात फिरलं की आधी उंच भागांवरच्या या रेषा झिजतात आणि फिरणारा पट्टा तिथे तुटतो. नाणं आम्लात बुडवून काळेपणा काढला तरी प्रत्येक वेळी त्या रेषांचा एक थर जातो.

मॉर्गन डॉलरवर (मामाचा डॉलर याच जातीचा, १८७८ ते १९०४ आणि मग १९२१ मध्ये पाडलेला) लिबर्टीच्या कानावरचे केस हा सर्वांत उंच भागांपैकी एक. ते सपाट दिसले तर नाणं झिजलेलं समजायचं. पण थांबा! न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत बऱ्याचदा ठसा नीट बसतच नसे, आणि १८९२ चे तिथले डॉलर तर त्यासाठी कुप्रसिद्धच आहेत. म्हणजे केस झिजले म्हणून सपाट नाहीत, मुळात उमटलेच नाहीत म्हणून सपाट. फरक ओळखायचा कसा? झिजलेला भाग गुळगुळीत, करडा आणि मेलेला दिसतो. न उमटलेल्या भागावर मूळ चकतीचा खरखरीतपणा राहतो आणि थोडी चमकही. हा फरक डोळ्याने, दिव्याखाली, एखाद्या भिंगाने करायचा. काही सेकंदांत. दिवसभर. एकामागून एक.

शिवाय हे डॉलर हजार-हजाराच्या पोत्यांत भरून वर्षानुवर्षं तिजोरीत पडून होते. एकाचं वजन पावणेसत्तावीस ग्रॅम, म्हणजे पोतं सुमारे पावणेसत्तावीस किलोचं. ते उचलून आपटायचं, एकावर एक रचायचं. त्यामुळे कधीच न वापरलेल्या नाण्यावरही एकमेकांवर आदळल्याचे ओरखडे असतात. गालावरचा एक खोल व्रण वाईट, की मागच्या गरुडाच्या पिसांत लपलेले पाच बारीक? झळाळी उत्तम पण ठसा कच्चा, याला किती? ठसा उत्तम पण झळाळी मंद, त्याला किती? आणि या सगळ्यावर कडी म्हणजे शेवटचा निकष, नाणं ‘डोळ्याला कसं वाटतं’. निळ्या-जांभळ्या छटा चढलेलं नाणं एकाला मोरपीस वाटतं, दुसऱ्याला डाग. हे चार-पाच वेगवेगळे गुण एकाच आकड्यात कोंबायचे आणि कोंबताना कोणाला किती वजन द्यायचं ते कुठेही लिहिलेलं नाही.

बरं, कंपनीत एकटा माणूस हे करत नाही. दोन-तीन ग्रेडर नाणं स्वतंत्रपणे बघतात, मालक कोण ते त्यांना कळत नाही, मग एक वरिष्ठ शेवटचा आकडा ठरवतो. पद्धत चांगलीच आहे. आपल्याकडे पेपर तपासताना एवढं झालं तर आपण पेढे वाटू. तरीही ‘कॉइन वर्ल्ड’ या अमेरिकन साप्ताहिकाने २००३ मध्ये आठ ग्रेडिंग सेवांची वर्षभर चाललेली तपासणी छापली, तेव्हा तीच तीच नाणी सगळीकडे फिरवून एकाही नाण्यावर सगळ्यांचं एकमत झालं नव्हतं. काही ठिकाणी तर फरक सात अंकांपर्यंत गेला होता. त्याही आधी, १९९० मध्ये, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसच्या जाहिरातींवर आक्षेप घेतला होता. मुद्दा हाच, की ग्रेडिंग वस्तुनिष्ठ आणि सातत्याचं असल्याचा दावा करू नका. प्रकरण तडजोडीने मिटलं. त्याच सुमारास कॉम्प्युटरने ग्रेडिंग करायचे प्रयत्नही झाले, पण ते टिकले नाहीत.

मामा आठवडाभर होता तेव्हा ती डबी मी दोन दिवसांसाठी मागून घेतली आणि हॉस्टेलवर आणली. (जीव मुठीत धरून. कपाटाला दोन कुलपं.) माझ्याकडे मामानेच लहानपणी दिलेला १९२१ चा एक घासलेला मॉर्गनही होता, डबीशिवायचा. आधी तो घेऊन लॅबमध्ये गेलो. व्यास ३८.१ मिमी. आम्ही चौघांनी मोजला, चौघांचं रीडिंग जुळलं. वजन झिजेमुळे किंचित कमी, पण तेही चौघांचं सारखं. पाण्यात बुडवून घनता काढली, १०.३ च्या आसपास, म्हणजे ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं असताना यायला हवी तीच. आर्किमिडीजचा विजय असो. नाणं खरं की खोटं याबद्दल दीड तासात आमची खात्री पटली.

मग रूमवर डबीच्या लेबलावर मेसचं कुपन चिकटवलं आणि एकेकाला बोलावलं. ग्रेडिंगचे निकष समजावून सांगितले, टेबल लँपखाली फोटो दाखवले आणि म्हटलं, ६० ते ७० मधला आकडा सांग. पाटल्याने ६८ दिला, कारण ‘एकदम चकाचक आहे राव’. शेजारच्या रूममधल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने ६१, कारण त्याला गालावरचा ओरखडा दिसला आणि मग त्याला दुसरं काही दिसेना. दुसऱ्या दिवशी पाटल्याला परत बोलावलं. रात्री मेसमध्ये पनीर संपलं होतं, त्यामुळे स्वारी नाराज. ६५! आम्ही अडाणी, आमच्या आकड्यांना काही अर्थ नाही, हे कबूल. गंमत पुढे आहे. कुपन काढून लेबल दाखवल्यावर सगळेच्या सगळे म्हणाले, “हां, ६४ च दिसतंय.” पाटल्या तर मला समजावून सांगायला लागला की ते ६४ का आहे!

लेबलाची खरी भीती मला तिथे वाटली. एकदा आकडा छापला की तो डोळ्यांच्या आधी पोचतो.

आता माझं मत. ग्रेडिंग बंद करा असं मी म्हणत नाही. खोट्या नाण्यांचा सुळसुळाट आहे, २००८ च्या सुमारास तर स्लॅबसुद्धा नकली यायला लागले. कुणीतरी जाणता त्रयस्थ हवाच. अस्सल आहे का, घासून-पुसून चमकवलंय का, कुठे डागडुजी केली आहे का, हे सांगणं त्याचं काम, आणि त्यात तो बहुतेक वेळा बरोबर असतो. माझं भांडण त्या शेवटच्या अंकाशी आहे. दोन-तीन ग्रेडरनी आपापले आकडे दिलेलेच असतात ना? मग ते लेबलावर छापा की. ‘६४, ६४, ६३’. घेणाऱ्याला एका नजरेत कळेल की हे नाणं काठावरचं आहे. किंवा कंपन्यांनी स्वतःचीच नाणी गुपचूप परत आपल्या ग्रेडरसमोर ठेवावीत आणि दरवर्षी छापावं, की आमचा आकडा दुसऱ्या वेळी इतक्यांदा बदलला. गेजचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट भिंतीवर लावतो तसं. कारखान्यात कोणताही साधा इन्स्पेक्टर हे करतो.

यावर मामाचं म्हणणं असं, की बाजाराला एकच आकडा हवा असतो. ‘६३ ते ६५ च्या दरम्यान’ असं लेबल असलेलं नाणं फोटो बघून कोण घेणार? त्याचं बरोबर आहे. पण मग त्याच बाजाराने २००७ मध्ये सीएसी का उभी केली? एनजीसीच्या संस्थापकांपैकीच एकाने काढलेली ही कंपनी दुसऱ्यांनी ग्रेड केलेले स्लॅब तपासायची आणि आकडा पटला तर वर हिरवं स्टिकर लावायची. म्हणजे तज्ज्ञाच्या मतावर आणखी एका तज्ज्ञाचं मत, त्याची फी वेगळी. अनिश्चितता लेबलावर छापली नाही म्हणून ती जात नाही, तिचा धंदा होतो एवढंच. फोडा, पाठवा, फोडा, पाठवा, हा खेळ तर तिथले व्यापारी वर्षानुवर्षं खेळताहेत, आणि प्रत्येक फेरीत कंपनीला फी मिळतेच. मग कंपनी कशाला छापेल ‘६४, ६४, ६३’?

सगळ्यात जास्त राग मला ५८ आणि ६० चा येतो. ५८ म्हणजे उंच भागांवर जरासा घासा लागलेलं नाणं. ६० म्हणजे कधीच न वापरलेलं, पण ओरखड्यांनी भरलेलं, कळाहीन. शेजारी ठेवले तर कित्येकदा ५८ वालं देखणं दिसतं, झळाळी शाबूत, चेहरा स्वच्छ. पण पट्टीवर ते ६० च्या खाली! ‘न वापरलेलं’ ही रेघ त्याला ओलांडता येत नाही. ही ६० ची रेघ आपल्याला नवी नाही, मित्रहो. प्लेसमेंटच्या नोटिशीत ‘किमान ६०%’ वाचून ५८ वाले कसे मुकाट्याने मागे फिरतात ते नोटीस बोर्डापाशी उभं राहून बघा. त्यांतल्या एकाने माझं सबंध मशीन डिझाइन करून घेतलं होतं. व्हायवाला एक्स्टर्नल जेवणाआधी भेटले की जेवणानंतर, यावर माझे किती मार्क इकडचे तिकडे झाले असतील ते मलाही सांगता येणार नाही, आणि त्यांनाही. फरक एवढाच, की नाणं फोडून परत पाठवता येतं. आपल्याकडे रिव्हॅल्युएशनचा फॉर्म असतो. तिथेही मार्क वाढण्याऐवजी घटलेले मी पाहिले आहेत.

आपल्या शिवराईला मात्र ही पट्टी लावून बघावी. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, तांब्याचा हाताने ठोकलेला पैसा. चकती बहुधा ठशापेक्षा लहान, त्यामुळे अख्खी अक्षरं फारशी सापडतच नाहीत. कुठे ‘राजा’ आहे तर ‘शिव’ अर्धा कडेबाहेर. तीनशे वर्षं बाजारात, मातीत, देवघरात फिरलेली. जुने संग्राहक तिला आकडा देत नाहीत. ते हातात घेऊन म्हणतात, “अक्षर छान आलंय.” एवढ्यावर सौदा होतो. फसवणूक तिथेही होत असेल, पण निदान दोन्ही माणसं नाण्याकडे बघत असतात, लेबलाकडे नाही.

मामा परत गेला आणि जानेवारीत त्याने तो डॉलर विकला, ६४ च्या भावाने. तीन हप्त्यांऐवजी जेमतेम एक निघाला. फोडलेल्या डब्यांतली दोन जुनी लेबलं, एक ६४ चं आणि एक ६३ चं, अजून त्याच्या ड्रॉवरमध्ये आहेत. अशी लेबलं परत करायची असतात, म्हणजे कंपनी आपल्या यादीतून ते नाणं कमी करते. मामाने केलेली नाहीत. त्यामुळे त्या यादीत १८९२ चे न्यू ऑर्लिन्सचे तीन वेगवेगळे डॉलर नोंदलेले असणार, दोन ६४ चे आणि एक ६३ चा, आणि कोणीतरी त्यावरून हे नाणं किती दुर्मिळ आहे याचा हिशेब करत असणार.

फोनवर मी विचारलं, “घेणाऱ्याने काय केलं रे त्याचं?”

“काय करणार?” मामा म्हणाला. “माझ्यासमोरच दिव्याखाली धरलं, दोनदा फिरवलं आणि म्हणाला, हे ६५ च आहे. फोडून परत पाठवतो.”